मुक्या कॉम्प्युटरसमोरचा ऑक्टोबर

ऑक्टोबर मला आधी नाकात कळतो. पावसाळाभर ठाण्याच्या खोपट एसटी डेपोत चिखलाचा आणि डिझेलचा मिळून एक आंबट वास असतो. तो एके दिवशी वाळतो आणि त्याच्या जागी धूळ येते, गरम, घशात बसणारी. मग तिच्यात एकेक गोष्ट मिसळत जाते. कुणी माळा रिकामा केलेला असतो, त्या रद्दीचा वास. ऑइलपेंटचा वास. चिंचेने घासलेल्या पितळेचा वास. कल्याणला आमच्या बिल्डिंगचा जिना उतरताना मी प्रत्येक दारापाशी जरा रेंगाळतो आणि दिवाळी कुणाकडे कुठवर आलीय ते हुंगून घेतो. आमच्याच दाराशी मात्र भाजणीच्या खमंग वासापुढे दुसरं काही टिकत नाही, कारण माझी बायको वैशाली दिवाळीत बिल्डिंगभरच्या फराळाच्या ऑर्डरी घेते.

यंदाही तसाच जिना उतरत होतो. तिसऱ्या मजल्यावर कुणीतरी दाराची चौकट रंगवत होतं. तो वास नाकात गेला आणि काहीच कारण नसताना माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. लाज मला कानात येते. दिसत होतं तेव्हाही ती कानातच यायची की चेहऱ्यावर, ते आता आठवत नाही. मी कठडा धरून थांबलो. गेल्या वर्षीचा ऑक्टोबर कुठे गेलेला नव्हता. तो जिन्यातच उभा होता.

माझी दृष्टी एकदम गेली नाही. आधी रात्र गेली, मग कडा गेल्या, मग मधला उरलेला उजेड गेला. विशीच्या आत सगळं संपलं. मग ठाण्यात नोकरी लागली. घोडबंदर रोडला जे मोठमोठे टॉवर झालेत, त्यांतल्या काही संकुलांची देखभाल आमची कंपनी बघते. ऑफिस खोपटला, डेपोपासून चालत जाण्याइतकं, म्हणूनच तर मी ती नोकरी धरून राहिलो. कल्याणहून एसटीत बसायचं आणि शेवटच्या थांब्याला उतरायचं. माझं काम तक्रारी घेण्याचं. लिफ्ट अडकलीय, टँकर आला नाही, वरच्यांच्या बाथरूममधून आमच्या छतावर ओल आलीय, पार्किंगमध्ये कुणीतरी भलतीच गाडी लावलीय. लोक चिडून बोलतात, मी शांतपणे ऐकतो आणि ऐकता ऐकता टाइप करतो.

हे जमायचं ते माझ्या दोन कानांमुळे. डाव्या कानात माणूस आणि उजव्या कानात कॉम्प्युटर. स्क्रीनवर जे जे असेल ते वाचून दाखवणारा एक आवाज माझ्या मशीनवर होता. परक्या उच्चारांचा, पुरुषी आणि विलक्षण वेगवान. इतकी वर्षं ऐकून मी त्याचा वेग एवढा वाढवला होता की दुसऱ्या कुणाला त्यातलं अक्षर कळायचं नाही. वैशाली एकदा ऑफिसला आली तेव्हा तिने हेडफोन कानाला लावून बघितला आणि म्हणाली, "अरे, हा काय बोलतोय? तव्यावर मोहरी तडतडल्यासारखा वाटतोय." मला मात्र त्या तडतडीत फ्लॅटचा नंबर, माणसाचं नाव, मागची तक्रार, सगळं स्वच्छ ऐकू यायचं. माझ्या मशीनचा स्क्रीन कायम बंद असायचा. मला तो कशाला लागणार? नवीन माणूस जवळून गेला की त्याला वाटायचं, हा काळ्या काचेसमोर बसून करतोय तरी काय. आणि मला त्याची गंमत वाटायची. गंमत कसली, अभिमानच वाटायचा. त्या खोलीत मी कुणाकडे काही मागत नव्हतो.

मग ती सूचना आली. जुन्या सिस्टिमला यापुढे अपडेट मिळणार नाहीत, तिच्यावर काम करणं धोक्याचं, दिवाळीआधी ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर बदलायचे. लोक खूश झाले. त्यांची जुनी मशीन सुरू व्हायलाच चहा पिऊन होईल एवढा वेळ घ्यायची. मीही खूश झालो. याआधीही एकदा सिस्टिम बदललेली, तेव्हा आवाज तोच राहिला होता. माणसाचं घर बदलतं पण माणूस तोच राहतो, तसं काहीतरी मी गृहीत धरलं.

एका सकाळी आलो तर पॅसेजमध्ये पायाला खोके लागले. जुनी मशीन एकावर एक रचून ठेवलेली. माझं त्यांतलं कुठलं ते हात लावून शोधावंसं वाटलं, पण लोक येत-जात होते, म्हणून मी काठी पुढे टाकून जागेवर गेलो. टेबलावर नवीन वस्तू होती. डबा नाहीच, सगळा कॉम्प्युटर त्या स्क्रीनमध्येच. काच हाताला थोडी कोमट लागली. कॉम्प्युटरचं सगळं बघणारा नीलेश खाली वाकून वायरी लावत होता.

"परब सर, तुमचा आयडी अजून बनला नाहीये," तो म्हणाला. "मशीन चालू करून ठेवतो, अपडेट होत राहतील. तुम्ही काय करू नका."

"आणि आवाज?"

"स्पीकर? आहेत की आतमध्ये."

"स्क्रीन वाचणारा आवाज रे."

वायरींची खुडबुड थांबली. "अच्छा, ते. ते यादीत आलंच नाही हो. बाहेरचं सॉफ्टवेअर टाकायचं तर सिक्युरिटीवाल्यांची परवानगी लागते. सिस्टिममध्येच एक आवाज असतो म्हणा, पण तो पण त्यांनी लॉक केलाय. मी आज रिक्वेस्ट टाकतो. होईल दोन-तीन दिवसांत."

नीलेश वाईट माणूस नाही. त्याने रिक्वेस्ट टाकली, ती वर गेली आणि वरच राहिली. मी रोज विचारायचो, तो रोज "आज फॉलोअप करतो" म्हणायचा. काही दिवसांनी मी विचारणं सोडून दिलं. एकच गोष्ट रोज मागणाऱ्या माणसाच्या आवाजात हळूहळू एक केविलवाणेपणा उतरतो. मला तो माझ्या आवाजात ऐकू यायला लागला होता.

सुरुवातीला आम्ही अशी सोय केली की फोन मी घ्यायचा आणि गिऱ्हाईक फोनवर असतानाच तक्रार शेजारच्या म्हात्रे मॅडमना सांगायची. त्या टाइप करणार. म्हात्रे मॅडम म्हणजे आमच्या विभागातल्या जुन्या. त्यांचं गाव तिकडेच, घोडबंदर रोडच्या बाजूला. ज्या टॉवरांच्या तक्रारी आम्ही घेतो त्यातल्या काही जागांवर त्यांच्या आजोबांनी भात लावलेला. त्यांचा आवाज मोठा, मोकळा, खोलीच्या या टोकापासून त्या टोकाला जाणारा. कुणाला हाक मारली की बाहेरचा शिपाईही वळून बघत असणार. पण त्या दिवसांत माझ्याशी बोलताना त्या तो आवाज एकदम खाली आणायच्या. "बोला परब. फ्लॅट नंबर? हं. आणि?" अगदी हळू, अगदी मऊ. आजाऱ्याच्या उशाशी बसून बोलतात तसं. त्या मऊपणाचा मला राग यायला लागला. त्यांना त्यांचं काम सोडून माझं काम करावं लागतंय याची लाज वाटायला हवी होती. तीही वाटत होतीच, पण तिच्यावर राग चढून बसला. राग धरणं सोपं असतं. लाज एकट्याने सोसावी लागते. रागाला निदान समोर कुणीतरी असतं.

आणि मग माझा फोन वाजणं कमी झालं. कुणी काढून घेतला नाही, कुणी काही बोललंही नाही. एका तक्रारीला दोन माणसं लागत होती, म्हणून नव्या मॅनेजरने फोन दुसऱ्या टेबलांकडे वळवले असावेत. आजूबाजूला सगळीकडे घंटी वाजायची, लोक बोलायचे, बोटं चालायची आणि मधे मी. मोबाईल टेबलावर ठेवायला आमच्याकडे परवानगी नाही. पंख्याखाली बसून मी नुसता खोलीचा आवाज ऐकायचो. मॅनेजरच्या बुटांची एक विशिष्ट करकर होती. ती जवळ आली की माझी पाठ ताठ व्हायची.

अशाच एका करकरीला माझे हात आपोआप कीबोर्डवर गेले आणि बोटं चालायला लागली.

मला हे नवीन नव्हतं. शाळेत असताना, सावंतवाडीकडे आमच्या गावाला, फळ्यावरची अक्षरं पुसट होत गेली तेव्हा मी कुणाला सांगितलं नाही. गुरुजी फळ्यावर लिहायचे, मुलं उतरवून घ्यायची आणि मीही मान वर करायचो, खाली घालायचो, पेन चालवायचो. वही भरत होती. त्यात काय भरत होतं ते मलाच माहीत. बाजूची मुलं पान उलटायची तेव्हा मी पान उलटायचो. चाचणी झाली, मार्क कळले, तोपर्यंत घरी कुणालाच पत्ता नव्हता. दिसत नाही याची लाज होती की दिसतंय असं दाखवल्याची, हे मी पुढे कित्येक वर्षं ठरवू शकलो नाही. इतकी वर्षं गेली, अंधत्व अंगवळणी पडलं, काठी हातात आली, नोकरी मिळाली, लग्न झालं. मला वाटलं, ते नाटक करणारं पोरगं मागे राहिलं. ते राहिलं नव्हतं. त्याने फक्त वहीच्या जागी कीबोर्ड घेतला.

मशीन मुकं होतं, आयडी बनलेला नव्हता. कळा दाबल्या तरी त्या कुठेच जात नसणार, अशी माझी खात्री. म्हणून पहिल्या दिवशी काहीही दाबलं. नुसता आवाज यावा म्हणून. पण बोटांना काहीही दाबता येत नाही हो. त्यांना शब्द लागतात. मग कल्याणहून निघून ठाण्याला पोचेपर्यंतचे सगळे थांबे टाइप केले. मग किराणा. मग शाळेत पाठ केलेले श्लोक. मराठी, पण इंग्रजी अक्षरांत, आपण मोबाईलवर लिहितो तसं. आणि मग एका दुपारी माझ्याही नकळत बोटं खरं बोलायला लागली. मी इथे बसलोय. सगळे बघतायत. मला काही काम नाही आणि मी काम असल्यासारखा बसलोय. मॅनेजर आत्ता मागून गेला. मी वेगाने टाइप करतोय म्हणजे त्याला वाटेल की. असं काय काय. वैशालीला सांगितलेलं नाही. आईला तर नाहीच. म्हात्रेबाई माझ्याशी अशा बोलतात की जणू मी वॉर्डातला पेशंट. त्यांची दया नको मला. त्या एवढ्या मोठ्याने बोलतात सगळ्यांशी, मग माझ्याशीच का.

काय सांगू, त्यात एक सुख होतं. कुणालाही न सांगता सांगितल्याचं सुख. मी रोज थोडं थोडं लिहायला लागलो. त्या दोन-तीन आठवड्यांत मी स्वतःबद्दल जेवढं लिहिलं तेवढं आयुष्यात कधी लिहिलं नव्हतं. वेळ जायचा. पाठ ताठ करावी लागायची नाही.

घरी वेगळंच नाटक. संध्याकाळी मी चपला काढतोय तोच स्वयंपाकघरातून वैशाली विचारायची, "काय रे, आज काय काय झालं टॉवरात?" हा आमचा रोजचा कार्यक्रम. तिला त्या तक्रारी ऐकायला फार आवडतात. उंच घरांतल्या माणसांची दुःखं ऐकून तिची करमणूक व्हायची. आता तक्रारीच येत नव्हत्या, तर सांगणार काय? पहिल्या दिवशी मी जुनीच एक ढकलून दिली. दुसऱ्या दिवशी जुन्या दोन जोडून एक केली. तिसऱ्या दिवसापासून रचायला लागलो. एका बाईंचा पोपट लिफ्टमध्ये शिरला आणि प्रत्येक मजल्यावर दार उघडलं की आतून "कोण आहे?" म्हणून ओरडत होता, वॉचमन घाबरून जिन्याने पळाला. वैशाली हसून हसून खाली बसली. तिचं ते हसणं मला ऐकवत नव्हतं, आणि ते थांबू नये असंही वाटत होतं. दुसऱ्या दिवशी एसटीत बसल्या बसल्या मी संध्याकाळची तक्रार जुळवायचो.

दिवाळी आठवड्यावर आलेली. ऑफिसात कुणीतरी कंदील लावला, त्याचा कागद पंख्याच्या वाऱ्याने फडफडायचा. त्या सकाळी नीलेश जवळजवळ धावतच आला.

"परब सर, झालं! परवानगी आली. बाहेरचं नाही मिळालं, पण सिस्टिममधला आवाज उघडून दिलाय. आत्ता चालू करतो."

मला खरं तर त्याला मिठी मारावीशी वाटली. मी खुर्ची मागे घेतली, तो पुढे वाकला, काही कळा दाबल्या. "बघू हं, नीट वाचतोय का. हे इथे काहीतरी उघडंच आहे. हेच मधून कुठूनतरी वाचायला लावतो."

आणि खोलीत एका बाईचा आवाज सुरू झाला. हेडफोन लावलेला नव्हता. स्पीकर मोठे होते. आवाज अगदी सावकाश, स्वच्छ, परदेशी बाईने मराठी पाटी वाचावी तसा.

"मी इठे बस्लोय. सॅगळे बॅघ्टायट."

मला आधी अर्थच लागला नाही. पुढच्या वाक्याला लागला. नीलेशने कीबोर्ड चालतो की नाही ते बघायला पहिल्याच दिवशी एक कोरं पान उघडलेलं आणि ते तसंच उघडं राहिलेलं. माझी प्रत्येक कळ त्या पानावर जाऊन बसली होती. आणि स्क्रीन चालू होता. इतकी वर्षं बंद स्क्रीनसमोर बसून माझ्या डोक्यातून हेच गेलं होतं की डोळे असलेल्यांसाठी ती काच उघडी असते.

"मला काही काम नाही," बाई वाचत होती. सगळे उच्चार मोडलेले, तरी प्रत्येक शब्द कळत होता. आजूबाजूची बोटं एकेक करून थांबली. कुणीतरी फोनवर "होल्ड करा हं" म्हणालं. तो आवाज गप्प करायला एक कळ असते. ती मला माहीत आहे, नव्या-जुन्या सगळ्या कीबोर्डवर एकाच कोपऱ्यात असते. माझा हात तिच्यापासून वीतभर अंतरावर होता. तो हलला नाही. नीलेश भलत्याच कळा दाबत "अरे, हे थांबत का नाहीये" म्हणत होता, आणि बाई पुढे पुढे जात होती, वैशालीला सांगितलेलं नाही, आईला तर नाहीच.

"म्हॅट्रे बाई माझ्याशी अशा बोल्टाट की—"

खट्. भिंतीतला प्लग निघाला. आवाज मधेच तुटला.

"अहो मॅडम, मशीन असं बंद नाय करायचं!" नीलेश ओरडला.

"मना शिकवू नको," म्हात्रे मॅडम त्यांच्या मोठ्या आवाजात म्हणाल्या. "जा, चहा पिऊन ये."

मग खोली पुन्हा चालू झाली. जरा जास्तच जोरात. ऐकलेलं ऐकलं नाही असं दाखवण्यासाठी माणसं किती आवाज करतात ते मला त्या दिवशी कळलं.

मी उठून जिन्याच्या चौकात गेलो. तिथे खिडकी आहे, डेपोतल्या गाड्यांचा घरघराट येतो. काही वेळाने पावलं आली, आणि माझ्या हातात चहाचा कागदी कप आला. म्हात्रे मॅडम होत्या.

"तुम्ही आधीच वाचलं होतं," मी म्हणालो.

"हो."

"कधी?"

"तुम्ही ते श्लोक लिहीत होता तेव्हाच दिसलं. स्क्रीन माझ्याच बाजूला होता ना. मग एक दिवस बघते तर हे. तेव्हा तो खांबाकडे फिरवून ठेवला. ऊन येतंय म्हटलं होतं मी तुम्हाला."

म्हटलं होतं खरं. मी "हं" केलं होतं आणि लिहीत राहिलो होतो.

"मला सांगितलं का नाही?"

"काय सांगणार? तुमचं सगळं दिसतंय म्हणून? दुसऱ्या दिवशी आला असता का ऑफिसला?"

मी कप या हातातून त्या हातात घेतला.

"पान बंद करून टाकणार होते. पण मग म्हटलं, पुसलं जाईल. कुणाचं लिहिलेलं आपण कसं पुसायचं." त्या थांबल्या. "माझं पण वाचलं. राग आला मना. लई राग आला. दोन दिवस तुमच्याशी बोलायचं पण नव्हतं."

"म्हात्रे मॅडम, मी—"

"अहो, तुमच्या एका कानाला फोन असायचा. तुमच्या तोंडासमोर तो माइक. मी माझ्या आवाजात बोलले असते तर पलीकडच्या गिऱ्हाइकाला सगळं ऐकू गेलं असतं. मागे एकदा गेलेलं, शिव्या खाल्ल्यात मी त्यावरून. म्हणून हळू बोलायचे. तुम्हाला वाटली दया."

चहा माझ्या हातात होता आणि मला तो तोंडाला लावता येत नव्हता. ज्या माणसाने आयुष्य आवाजांवर काढलं, ज्याला मॅनेजरचे बूट ओळखू येतात, त्याला शेजारच्या बाईचा आवाज कळला नव्हता. कळला नव्हता असंही नाही. मी तो ऐकलाच नव्हता. माझ्याच मनातलं काहीतरी तिच्या तोंडी घालून ऐकलं होतं.

"चुकलो," मी म्हणालो.

"चुकलात," त्या म्हणाल्या. तेवढंच. असू दे, विसरा असं काही म्हणाल्या नाहीत. मग निघताना म्हणाल्या, "हेडफोन लावत जा आधी." आणि त्यात हसू होतं की नव्हतं हे मी ठरवलं नाही. ठरवायची सवय सोडायची असं तिथल्या तिथे ठरवलं.

मॅनेजरने दुपारी बोलावून घेतलं. "परब, एवढं होतं तर आधी बोलायचं ना," ते म्हणाले. मी सुरुवातीला रोज बोललो होतो. नीलेशशी. त्याने लेखी रिक्वेस्टही टाकली होती. पण त्या क्षणी मला ते सांगता आलं नाही. लाजेचं असं असतं. जिथे आपली बाजू असते तिथेही ती आपल्याला उभं राहू देत नाही. मी "हो सर" म्हणून बाहेर आलो. ते "हो सर" मला आजही टोचतं.

नवी सिस्टिम आता अंगवळणी पडलीय. बाईचा वेग मी वाढवत नेला, आता तिचंही बोलणं दुसऱ्यांना कळत नाही. म्हात्रे मॅडम आणि मी बोलतो, आधीसारखंच, कदाचित थोडं कमी. त्यांनी आवाज खाली आणला की मी माइक बाजूला सरकवतो. जुन्या सिस्टिमवरून लोक नव्यावर गेले, त्यांना दोन दिवस बटणं सापडली नाहीत, मग सापडली, आणि ते विसरून गेले. त्यांचं बरोबरच आहे. जुनं सोडून पुढे जाणारी माणसं मागे बघत नाहीत म्हणून त्यांना दोष कसा द्यायचा? पण एखादा मागे राहतो. मागे राहण्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, हे मला डोक्याने पटतं. मला लाज वाटते ती त्यानंतर मी जे केलं त्याची. पुढे असल्याचं सोंग घेतलं, घरात रोज एक गोष्ट रचली, आणि जिने गुपचूप माझी लाज झाकून ठेवली तिलाच मनात दोषी धरलं. यंदा रंगाच्या वासाने जिन्यात कान तापले ते याने.

पण त्या दिवसाचं एक सांगायचं राहिलं.

संध्याकाळी घरी आलो तेव्हा वैशाली चकल्या तळत होती. घरभर तेलाचा आणि भाजणीचा वास. कढईत चकल्या फसफसत होत्या, खालून गॅसचा मोठा सूंऽऽ असा आवाज. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो.

"आलास? हात धुवून बस. आज काय टॉवरात?"

"तो पोपट नव्हता," मी म्हणालो.

"कुठला पोपट?"

"लिफ्टमधला."

झारा कढईच्या काठावर टेकल्याचा आवाज आला. "म्हणजे?"

"म्हणजे तसं काही झालंच नाही. त्यानंतरचंही नाही. बाथरूममध्ये अडकलेले काका पण नाहीत. मीच जुळवून सांगत होतो."

चकल्यांचा आवाज हळूहळू बारीक झाला, म्हणजे त्या होत आल्या होत्या. तिने त्या काढल्या, चाळणीत टाकल्या. पुढचा घाणा सोडला नाही.

"अरे, मी तो पोपट शेजारच्या वहिनींना सांगितला," ती म्हणाली. "त्यांनी त्यांच्या माहेरी फोन करून सांगितला. त्यांच्या आईने परत विचारलं, त्या पोपटाचं पुढे काय झालं म्हणून. मी म्हटलं, थांबा, महेशला विचारून सांगते." तिचा आवाज पातळ झाला. "मी खोटारडी ठरले ना रे."

माझी लाज माझ्यापुरती आहे, असं मी तोवर धरून चाललो होतो. ती बिल्डिंगच्या जिन्यातून खाली उतरून दुसऱ्याच्या माहेरापर्यंत गेली होती.

"का केलंस?" तिने विचारलं. रागाने नाही. खरंच कळत नसल्यासारखं.

मी सांगायला लागलो. कॉम्प्युटर बदलले, आवाज गेला. फोन वाजेनासा झाला. ती ऐकत होती, मधे मधे पिठाच्या परातीवर तिचा हात फिरत असल्याचं कळत होतं. मॅनेजरच्या बुटांचं सांगितलं. मग मी म्हणालो की त्यांची चाहूल लागली की मी कीबोर्डवर हात ठेवायचो, आणि काम नसताना टाइप करायचो, नुसतं, आवाज यावा म्हणून.

परातीतला हात थांबला. मग बटणाची टिकटिक झाली आणि गॅसचा तो सूंऽऽ आवाज बंद पडला. एवढा वेळ तो होता हे तो थांबल्यावरच जाणवलं. घर एकदम शांत झालं. स्टूल फरशीवर सरकलं. पिठाने भरलेल्या हातांची ती माझ्यासमोर येऊन बसली.

"पुढे?" ती म्हणाली.